पेठेत नवं कोण आलंय?

जून संपत आला, पावसानं जोर धरला, की कोल्हापूरच्या रंकाळा स्टँडवर वेगळी गर्दी दिसायला लागते. राधानगरी, भोगावती, गगनबावड्याकडच्या गाड्यांतून पोरंपोरी उतरतात. पाठीला सॅक, हातात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली वळकटी, पिशवीत घरचे तांदूळ आणि चटणीचा डबा. बरोबर वडील, नाहीतर मामा. त्यांच्या खिशात मार्कलिस्टच्या झेरॉक्स आणि कुणातरी पाव्हण्याचा फोन नंबर. कॉलेजात प्रवेश झालेला असतो. राहायचं कुठं, एवढंच ठरलेलं नसतं.

स्टँडपासून चालत निघालं की थोड्याच वेळात शिवाजी पेठ लागते. एका अंगाला रंकाळा, दुसऱ्या अंगाला अंबाबाईचं देऊळ, आणि मधे गल्ल्या, तालमी, चौक. पश्चिमेच्या तालुक्यांतली एवढी पोरं याच पेठेत का राहतात, याला मोठं संशोधन नको. माणूस जिथं गाडीतून उतरतो, तिथंच पहिली खोली बघतो.

परक्या शहरातले विद्यार्थ्याचे पहिले दिवस म्हटलं की आपल्याला लंडन आठवतं, सिंगापूर आठवतं, विमानतळावरचा निरोप आठवतो. चंदगड किंवा भुदरगडच्या वाडीतून आलेल्या पोराला कोल्हापूर तेवढंच परकं असतं, हे शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. भाषा एकच, जिल्हा एकच, एसटीचा दोन-तीन तासांचा रस्ता. तरीही पहिले आठ दिवस त्या पोराला झोप लागत नाही. गावाकडं रात्री अंधार असतो, इथं खिडकीतून चौकातला दिवा तोंडावर येतो.

पेठेतली घरं बाहेरून अरुंद दिसतात, आत मात्र लांबत जातात. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. वरची माडी पूर्वी धान्याला आणि अडगळीला होती, आता तिथं कॉट पडल्यात. 'कॉट बेसिस' हा शब्द नवा पोरगा पहिल्याच दिवशी शिकतो. खोली मिळत नाही, कॉट मिळते. एका खोलीत तीन नाहीतर चार कॉट, भिंतीत एक फडताळ, त्यातला एक कप्पा आपला. डिपॉझिट आगाऊ, लाईट बिल वाटून, पाणी नळाला येईल तेव्हा भरून ठेवायचं, रात्री दहानंतर जिन्यात आवाज नको. या सगळ्या अटी मालकीणबाई एका दमात सांगतात. त्यांनी त्या गेली कित्येक वर्षं दर जूनला सांगितलेल्या असतात. वडील मान हलवतात. पोरगं फडताळाकडं बघत असतं.

त्याआधी मात्र दोन प्रश्न झालेले असतात. गाव कुठलं? आणि आडनाव काय? पहिल्या प्रश्नात माया असते, कारण जिल्ह्यात गाव सांगितलं की चार सोयरे निघतातच. दुसऱ्या प्रश्नात काय असतं, ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. हा प्रश्न एकट्या या पेठेचा नाही. पुण्यात विचारतात, मुंबईत सोसायटीची कमिटी विचारते. पण कोल्हापुरात तो विचारला जातो तेव्हा जास्त टोचतो, कारण हे शहर स्वतःला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणवून घेतं. ते बिरुद कशानं मिळालं, हे इथं थोडं सविस्तर सांगायला हवं.

ज्यांनी ते मिळवून दिलं, ते स्वतः लहानपणीच घराबाहेर शिकायला गेले होते. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंत १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू झाला. पुढच्याच वर्षी, अकराव्या वर्षी, त्याला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडलं. नंतर धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण झालं. आईविना, गावाविना, परक्या भाषेच्या मुलखात राहणं म्हणजे काय, हे त्यांनी राजपुत्राच्या सुखसोयींत का होईना, अनुभवलं होतं. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातली पोरं शाळेच्या दारापर्यंत येत नाहीत. फी हे त्यामागचं एक कारण होतं. त्याहून मोठी अडचण राहण्याजेवण्याची होती. कोल्हापुरात नातलग नसलेल्या कुणब्याच्या पोराला ठेवून घेणार कोण? आणि अस्पृश्याच्या पोराला तर खाणावळीच्या ओट्यावरसुद्धा जागा नव्हती.

आधी सगळ्या जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिलं. त्याचा लाभ शिक्षणात आधीच पुढं असलेल्यांनाच झाला. मग महाराजांनी दुसरी वाट धरली. ज्या त्या समाजातल्या कर्त्या माणसांनी आपापल्या पोरांचं वसतिगृह चालवावं, दरबारानं जागा आणि पैसा द्यावा. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. पुढं मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी बोर्डिंगं उभी राहत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस स्थापन झालं. महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी १९१८ मध्ये शिकारीतल्या अपघातात गेले, त्यांच्या नावानं. आजचं न्यू कॉलेज, महाराष्ट्र हायस्कूल ही याच संस्थेची लेकरं. पेठेतला माणूस त्यांना परकं समजत नाही. महाराजांच्या हयातीत अशी वीसच्या वर वसतिगृहं झाली. दसरा चौकातून फेरफटका मारला तर त्यातल्या कैक पाट्या आजही दिसतात. एका चौकाच्या आसपास इतक्या समाजांची बोर्डिंगं महाराष्ट्रात दुसरीकडं दिसायची नाहीत.

जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते. ती अगदीच पोकळ नाही. पण १९०१ साली दारात उभ्या राहिलेल्या पोराला तत्त्व नको होतं, ताट हवं होतं. या व्यवस्थेतली फट दाखवली तीही तिच्यातच राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अण्णासाहेब लठ्ठे तिथले अधीक्षक. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत या, असा हुकूम झाला. भाऊरावांनी तो मानला नाही, आणि बोर्डिंगातून त्यांची रवानगी झाली. आधार दिला तो महाराजांनी. पुढं १९१९ मध्ये याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग सुरू केलं. त्याला नाव शाहू महाराजांचं. १९२७ मध्ये ते नाव गांधीजींच्या हातून दिलं गेलं. बोर्डिंगातून काढलेल्या पोरानं राजाची योजना राजाच्याच नावानं एक पाऊल पुढं नेली. कोल्हापूरच्या शिक्षणाच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग हाच आहे. जयंतीच्या भाषणांत मात्र तो फारसा येत नाही.

आता परत माडीवरच्या कॉटकडं.

पहिली रात्र कशीबशी जाते. सकाळी भूक लागते आणि शहर खऱ्या अर्थानं समोर येतं. कुणीतरी रूममेट मिसळ खायला नेतो. मिसळीबरोबर इथं पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. वाटीतला कट संपला की वाढपी न विचारता पुन्हा ओततो, त्याचे पैसे नसतात. गावाकडच्या पोराला तिखटाचं भय नसतं. त्याला भय वाटतं ते हॉटेलात एकट्यानं ऑर्डर द्यायचं. चौथ्या दिवशी तेही मोडतं.

पण मिसळ रोज परवडत नाही, म्हणून मेस लावायची. शिवाजी पेठेत मेस म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बाईचं स्वयंपाकघर. सोप्यात दोन लांब टेबलं, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, त्याच्या मागं पोरांच्या हिशेबाची वही. दोन वेळचं जेवण, चार चपात्या, भात, आमटी, एक भाजी. खाडा आधी सांगितला तर धरला जातो, न सांगता गेलं तर ताटाचे पैसे लागतात. रविवारी रात्री मेस बंद, आणि त्या दुपारी मटण. तांबडा, पांढरा, सुकं. हॉटेलांनी तांबडा-पांढऱ्याचं फार कौतुक करून ठेवलंय. पेठेतल्या मेसमध्ये तो पातळ असतो आणि पोरं तो वाटीनं नाही, तांब्यानं पितात. मेसच्या मावशी पहिल्या आठवड्यात पोराचं नाव विसरतात, दुसऱ्या आठवड्यात त्याला भात जास्त लागतो हे लक्षात ठेवतात, आणि महिनाभरानं तो जेवायला आला नाही तर खोलीवर निरोप धाडतात. विद्यापीठाच्या कुठल्याही समुपदेशन कक्षापेक्षा ही व्यवस्था जुनी आहे आणि माझ्या मते जास्त चालते.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जायचं. म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतात, समोर धार काढतात, फेसाळ ग्लास हातात देतात. पैलवानांची ही चाल आता सगळ्यांची झालीय. घरी म्हैस असलेला पोरगा इथं पैसे देऊन दूध पितो आणि गावी फोनवर ते सांगतो तेव्हा पलीकडून आई हसते.

शहर ओळखीचं करून घ्यायची पेठेची स्वतःची रीत आहे. इथं पत्ता विचारला तर रस्त्याचं नाव कुणी सांगत नाही. अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून डावीकडं, उभ्या मारुतीच्या पुढं, साकोली कॉर्नरला, तालमीच्या पाठीमागं. मोबाईलवरच्या नकाशात निवृत्ती चौक सापडतो, पण 'अर्धा शिवाजी' म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला पटत नाही. नव्या पोराला ही ठिकाणं आधी नुसती नावं वाटतात. मग एकेक खूण पक्की होत जाते. बिनखांबी गणेश मंदिरापासून महाद्वार रोड. महाद्वारातून आत अंबाबाई. देवळातून पलीकडं बाहेर पडलं की भवानी मंडप. तिथून मिरजकर तिकटी, खासबाग. पंचगंगेकडं जायचं तर पापाची तिकटी, गंगावेश. हे सगळं पायी. केएमटीच्या शहर बसचा पास काढेपर्यंत कोल्हापूर पायांनी पाठ झालेलं असतं, आणि गाव छोटंच असल्यामुळं ते जमतंही.

देवळात पहिल्या दिवशी आई सांगते म्हणून जायचं असतं. खरी नवलाई नोव्हेंबरात. ९ ते ११ तारखेच्या आसपास मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या मूर्तीवर चढतात. जानेवारीच्या शेवटालाही तेच. दाटीवाटीच्या बाजारातून किरणांची वाट मोकळी ठेवायची म्हणजे मधली बांधकामं आड येता कामा नयेत. भूगोलाच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठं मिळणार?

खासबागेचं मैदान महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं. त्याच्या शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, पुढं ते केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात आलेल्या बऱ्याच पोरांनी हे नाट्यगृह पाहिलं ते जळकंच. त्यांच्या आठवणीतलं कोल्हापूर त्या काळ्या भिंतींसकट राहील.

पेठेतलं पोरगं कॉलेजात शिकतं हे खरं, पण शहर त्याला तालमी शिकवतात. इथली तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तालमीचं मंडळ असतं, मंडळाचा गणपती असतो, फुटबॉलचा संघ असतो, आणि मोहरममध्ये पंजेही असतात. हिंदू पोरांच्या तालमीत पीर बसतो, हे पहिल्यांदा बघणारा बाहेरगावचा विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. गेली काही वर्षं मोहरम जून-जुलैच्या सुमाराला येतो, त्यामुळं नव्या पोराला कोल्हापूरचा पहिला सण म्हणून तोच दिसतो. त्याच दिवसांत आषाढातली त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात घेऊन एकेक गल्ली वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाते. पुढं पी ढबाक वाजतं, पाणी देवीच्या पायरीवर ओततात, आणि घरी आल्यावर गल्लीचं जेवण. भाड्यानं राहणारी पोरं त्यात कधी बोलावून येतात, कधी न बोलावता. जेवायला बसलं की कोण भाडेकरू आणि कोण मालक, हे कुणी बघत नाही.

डिसेंबरच्या आगेमागे शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम तापतो. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, संध्यामठ हे याच पेठेचे संघ. समोर मंगळवार पेठेचे पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. खोली कुठल्या गल्लीत मिळाली यावर पोराचा संघ ठरतो, त्याला निवड नसते. क्रिकेटशिवाय दुसरं काही न पाहिलेला पोरगा दोन महिन्यांत ऑफसाइडवर वाद घालायला लागतो. विश्वचषकाच्या वर्षी गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, खेळाडूंची कटआउट उभी राहतात, आणि शेजारच्या दोन घरांत बोलणं बंद होतं. सामन्यांनंतरच्या हाणामाऱ्याही खऱ्या आहेत. त्या सजवून सांगण्यात अर्थ नाही. बाहेरगावचं पोरगं अशा वेळी सापडलं तर त्याच्यासाठी ठाण्यात येणारं कुणी नसतं. मंडळांच्या जाणत्या माणसांनी हे मनावर घ्यायला हवं.

ऑगस्टात आणखी एक धडा. शहरातलं बोलणं एकाएकी फुटांत सुरू होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे दोन आकडे नवा विद्यार्थी पहिल्याच पावसाळ्यात पाठ करतो, कारण त्यावर गावी जाणारी गाडी सुटणार की नाही ते ठरतं. २०१९ च्या ऑगस्टात नदी ५५ फुटांवर गेली. जिल्ह्याचे रस्ते तुटले, पोरं खोल्यांत अडकली, मेस बंद पडल्या. शिवाजी पेठेचा बराचसा भाग चढावर आहे. खालच्या वस्त्यांतली माणसं वर आली, आणि तालमींनी चुली पेटवल्या. भांडी उचलणाऱ्यांत भाड्यानं राहणारी पोरं होती. पुढं २०२१ मध्येही तेच झालं.

मुलींचं कोल्हापूर वेगळं. त्यांना तालीम नाही, रात्रीचा दूधकट्टा नाही, अर्ध्या शिवाजीजवळच्या कट्ट्यावर बसणं नाही. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक तिन्हीसांजेनंतर लवकर बंद होतं, आणि खासगी खोली द्यायची तर मालकीणबाई मुलीची आणि तिच्या बापाची दोघांचीही परीक्षा घेतात. तरीही त्या आपलं शहर शोधतात. सकाळी रंकाळ्याच्या काठानं चालणं, कपिलतीर्थ मंडईत भाजीचे भाव, महाद्वार रोडवर घासाघीस, अभ्यासिकेतली खिडकीजवळची खुर्ची. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आता पेठेतल्या अभ्यासिकांत दिसतात, पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावताना दिसतात. रंकाळ्याचा काठ तर त्यांचाच म्हणायला हवा. शालिनी पॅलेस, पाण्यात उतरलेला संध्यामठ, पलीकडं मावळता सूर्य, हे सगळं चित्रातल्यासारखं आहे. पाण्याला अधूनमधून येणारा वास आणि जलपर्णी चित्रात येत नाहीत एवढंच. मुलींसाठी रात्री उशिरापर्यंत उघडी, उजेडाची, पोलिसांची नजर असलेली एखादी वाट या पेठेतून रंकाळ्यापर्यंत असावी, ही मागणी काही फार मोठी नाही.

राजाराम कॉलेजची गोष्ट सांगितल्याशिवाय कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याचा विषय पुरा होत नाही. हे कॉलेज १८८० चं. ज्यांच्या नावानं ते उभं राहिलं, ते छत्रपती राजाराम स्वतः विद्यार्थ्याच्या वयात परक्या शहरांतून हिंडले होते. १८७० मध्ये, विशी गाठतागाठता, ते विलायतेला गेले, रोजनिशी लिहीत राहिले, आणि परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबरला वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीनं त्यांचा अंत्यविधी झाला. तिथं त्यांची छत्री आहे, आणि जवळच्या पुलाला आजही तिथले लोक इंडियानो म्हणतात. त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये इंग्रजीत छापली गेली. कोल्हापूरच्या एका तरुणानं परक्या शहरांतल्या पहिल्या दिवसांचं लिहून ठेवलेलं एवढं जुनं पुस्तक आपल्याकडं आहे, आणि कोल्हापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या शंभरातल्या एकाला तरी ते ठाऊक असेल का, याची मला शंका आहे.

याच कॉलेजात १९३४ मध्ये कराडहून यशवंतराव चव्हाण आले. मॅट्रिक होण्याआधीच ते तुरुंगात जाऊन आलेले, आणि आले ते संस्थानी गावात. डॉ. बाळकृष्ण प्राचार्य होते, ना. सी. फडके शिकवत होते. १९३८ मध्ये ते बी.ए. झाले. त्यांच्यानंतर दहा-बारा वर्षांनी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच कॉलेजात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बाहेरगावच्या एका विद्यार्थ्यासाठी प्राचार्यानं घर गहाण टाकावं, असं हे गाव होतं.

आता वाट उलट्या दिशेनंही चालते. कोल्हापूर-सांगलीकडची पोरं डॉक्टर व्हायला फिलिपिन्समध्ये, मनिलाला आणि दवाओला जातात. इथल्या खासगी मेडिकलची फी परवडत नाही, तिथं शिक्षण इंग्रजीतून मिळतं. त्यांच्या पहिल्या आठवड्याचं ऐकलं तर ते शिवाजी पेठेतल्या पोरापेक्षा फार वेगळं नसतं. घड्याळ अडीच तास पुढं. न्याहारीलाही भात. जीपनी नावाची लांबोडकी गाडी, महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागं टाकलेल्या जीपमधून जन्मलेली. तिच्यात भाड्याचे पेसो एकमेकांच्या हातांतून पुढं ड्रायव्हरपर्यंत पोचवायचे, आणि सुटे पैसे तसेच मागं यायचे. ड्युरियनचा वास सहन करायला शिकायचं. आणि भारतीय मेस शोधायची, कारण खोली, जेवण आणि हाक मारायला एखादं माणूस, या तीन गोष्टींशिवाय कुठलंच शहर लागत नाही. फिलिपिन्सला पाठवण्याआधी पालकांनी एक मात्र पाहावं. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांत अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा अशी अट आली, आणि तिथला चार वर्षांचा एमडी तिच्यात बसेना. एजंटच्या शब्दावर विसंबून जमीन विकू नये. आयोगाचे चालू नियम स्वतः वाचावेत.

परदेशी जाणाऱ्या पोरासाठी विद्यापीठ निदान एक पत्रक देतं, विमानतळावर कुणी घ्यायला येतं. गारगोटीहून कोल्हापूरला येणाऱ्या पोरासाठी काय आहे? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, तिथं वसतिगृहं आहेत, कमवा आणि शिका योजना आहे, आणि त्या योजनेनं कैक घरांत पहिला पदवीधर दिला. पण जागा मोजक्या. समाजकल्याणच्या वसतिगृहांतही तेच. बाकीची पोरं बाजाराच्या हवाली. कॉटचं भाडं वाढलं की जेवणाची एक वेळ कमी करणारी पोरं याच पेठेत आहेत, आणि हे मेसच्या वहीत दिसतं. १९०१ साली राजानं जे काम सरकारचं मानलं, ते आज कुणाचंच राहिलेलं नाही. जुन्या बोर्डिंगांच्या जागा चौकात मोक्याच्या आहेत. तिथं दुकानगाळे काढण्याआधी वरच्या मजल्यावर किती कॉट वाढतील याचा हिशेब विश्वस्तांनी आधी मांडावा, आणि त्या कॉट कुठल्याही जातीच्या पोरासाठी खुल्या ठेवाव्यात. भाऊरावांनी १९२४ मध्ये केलं ते शंभर वर्षांनी करायला जड जाऊ नये.

आणि पेठेतल्या वाचकाला एक सांगणं. दर चौकात मंडळाचा फलक आहे. त्यावर वाढदिवस लागतात, निधनं लागतात, सामन्यांचे निकाल लागतात. पुढच्या जूनमध्ये पंधरा दिवस त्यावर खोल्या, मेस, अभ्यासिका आणि दवाखान्याची यादी लावा, खाली मंडळाच्या दोन माणसांचे नंबर द्या, त्यात एक बाई असू द्या. तुमच्या माडीवर कॉट रिकामी असेल तर येणाऱ्या पोराचं कॉलेजचं ओळखपत्र बघा, आधार कार्ड बघा, घरच्यांचा नंबर घ्या, डिपॉझिट घ्या. आडनावावरून जागा देऊ नका आणि नाकारूही नका.